वही कपाटातून काढा, मग करिअरचं बोलू

तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावीत आहे, गणित उत्तम आहे, आणि शिकारी प्राणी व त्यांचं भक्ष्य यांच्या संख्येचं गणित मांडायचं, त्यातच पुढे संशोधन करायचं असं तिने ठरवलं आहे. 'हे खूळ तिच्या डोक्यातून कसं काढावं?' असं तुम्ही विचारता. तिची आलेखांची वही परीक्षा संपेपर्यंत कपाटात कुलूपबंद करून ठेवल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. मला काळजी वाटली ती त्याच वाक्याने.

मूल कशातच रमत नाही म्हणून हवालदिल झालेले पालक मला नेहमी भेटतात. तुमची मुलगी कुणी न सांगता आलेख काढत बसते आणि तुम्ही त्याची शिक्षा दिलीत. त्यानंतर ती वाद घालायची थांबली, म्हणजे तिला पटलं, असं तुम्हाला वाटतं. तसा अर्थ लावू नका. या वयाची मुलं गप्प होतात ती बहुधा आपलं कुणी ऐकणार नाही याची खात्री झाल्यावर. वही आजच परत द्या. तिचा अभ्यास मागे पडत असेल तर वेळेबद्दल तिच्याशी बोला. वस्तू काढून घेऊन ते होणार नाही.

'ही समीकरणं शंभर वर्षांपूर्वीच सुटली, आता त्यात करायचं काय उरलंय?' हा तुमचा समज मात्र साफ चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. उंबेर्तो दांकोना या प्राणिशास्त्रज्ञाने हे कोडं व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञासमोर ठेवलं आणि 1926 मध्ये व्होल्टेराने शिकारी व भक्ष्य यांच्या संख्येची दोन समीकरणं मांडून उत्तर दिलं: सरसकट मासेमारी कमी झाली की सरासरी संख्या शिकाऱ्यांची वाढते, भक्ष्याची घटते. अमेरिकेतला शास्त्रज्ञ लोटका स्वतंत्रपणे त्याच समीकरणांपर्यंत पोहोचला होता. पण त्या समीकरणांत शिकाऱ्याचं पोट कधी भरतच नाही! सावज पकडायला आणि खायला वेळ लागतो, हे हॉलिंग या परिसंस्थाशास्त्रज्ञाने 1959 मध्ये हिशेबात घेतलं. भक्ष्याला जास्त अन्न मिळू लागलं तर दोघांच्या संख्येचे हेलकावे इतके वाढू शकतात की दोघंही संपतील, हे रोझेनझ्वाइग या परिसंस्थाशास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवलं. कॅनडातल्या ससा आणि त्याची शिकार करणारं लिंक्स हे रानमांजर यांचं सुमारे 10 वर्षांचं चक्रही नुसत्या त्या दोन समीकरणांनी उलगडत नाही. सशांचं अन्नसुद्धा त्यात धरावं लागतं. मासेमारीची मर्यादा ठरवताना, किडीवर तिचे नैसर्गिक शत्रू सोडताना अशीच मॉडेल्स लागतात.

मार्ग सरळ आहे: गणित, सांख्यिकी किंवा भौतिकशास्त्राची पदवी, जोडीला जीवशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग, मग पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी. या क्षेत्रातलं मोठं नाव रॉबर्ट मे, ते मुळात भौतिकशास्त्रज्ञच. संशोधनातल्या कायम जागा थोड्या असतात आणि वाट लांब असते, ही तुमची भीती खरी आहे. पण डेटा आणि मॉडेलिंग येणाऱ्या माणसाला इतरत्रही काम मिळतं.

तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगा. या कामात जंगल कमी आणि संगणक जास्त असतो. प्राण्यांच्या सहवासासाठी ती इकडे येत असेल, तर तिने प्रत्यक्ष वन्यजीव अभ्यासाकडे वळावं.

कोणता ओढा खरा आहे हे ती स्वतःच तपासू शकेल. लोटका-व्होल्टेराची समीकरणं तिने स्प्रेडशीटमध्ये, वेळेचे छोटे टप्पे पाडून, साध्या बेरजेने पुढे न्यावीत. पुस्तकात दोन्ही संख्यांच्या आलेखाचं चक्र बंद असतं, म्हणजे फिरून सुरुवातीच्याच जागी येतं. तिचं मात्र फेरीगणिक बाहेर फाकत जाईल. ही चूक प्राण्यांची नाही, समीकरणांचीही नाही, गणना करण्याच्या पद्धतीची आहे. टप्पा लहान केला की ते फाकणं का कमी होतं, हे शोधण्यात तिला गोडी वाटली, तर तिला अडवू नका. कंटाळा आला, तर आपण दुसरे पर्याय पाहू. काय झालं ते मला कळवा, पण ते पत्र तिला लिहू द्या.