कापसाचा चुकारा आणि पिकअपची उंची

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही घाटंजी तालुक्यातले, 11 एकर वावर, कापूस आणि तूर, थोडं सोयाबीन. दोन वर्षांपूर्वी जुनी डबल केबिन फोर बाय फोर पिकअप घेतली. आता उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली आहे आणि शेवटच्या 24 क्विंटलचा चुकारा, 8,000 च्या भावानं 1,92,000 रुपये, खात्यात आला आहे. त्यात दीड लाखाचं पर्सनल लोन घालून गाडी ऑफरोडिंगसाठी बनवून घ्यायची आहे. नागपूरच्या गॅरेजचं कोटेशन असं: गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट (कॉइल, शॉकअप, वरचे आर्म) 1,15,000, पुढचा स्टील बंपर 55,000, विंच (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) 62,000, पाच मोठे टायर 85,000, लाइट आणि फिटिंग 25,000. एकूण 3,42,000. वहिनी नको म्हणतात. पीककर्जाचे 1,10,000 फेडायचे बाकी आहेत, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते.

ते 1,10,000 आधी भरा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची वेळेवर फेडीची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. मुदत चुकली तर नुसत्या 7 टक्क्यांनी वर्षाचे 7,700 रुपये व्याज पडतं. त्याहून वाईट म्हणजे जुनं थकलं की नवं कर्ज अडतं, आणि मृगाच्या तोंडावर बियाणं-खत उधारीवर उचलावं लागतं. ती उधारी किती टक्क्यांनी पडते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पर्सनल लोनचं गणितही मांडून बघा. दीड लाख, 15 टक्के, तीन वर्षं: हप्ता साधारण 5,200. एकूण 1,87,200 भरायचे, म्हणजे 37,200 नुसतं व्याज. हप्ता दर महिन्याला येतो आणि तुमचा पैसा दिवाळी ते फाल्गुन या काळातच येतो. जून ते ऑक्टोबर, जेव्हा निंदण, फवारणी, डवरणी सगळं खिशातून चालतं, तेव्हाचे पाच हप्ते म्हणजे 26,000 रुपये कुठून काढणार, ते पत्रात लिहिलेलं नाही. म्हणून हे कर्ज घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते.

आता गाडीकडे येते. तुम्ही लिहिलंत, पावसाळ्यात पांदणीत गाडी पोटावर बसते म्हणून उंची वाढवायची. यात एक गोष्ट कोटेशन देणाऱ्यानं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. तुमच्या गाडीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि दोन्ही चाकं जोडणारी अखंड धुरी आहे. लिफ्ट किटनं बॉडी आणि चेसिस दोन इंच वर जाते, पण मागचं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आहे तिथंच राहतं, कारण ते धुरीवर बसलेलं आहे. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला आधी टेकतं ते डिफरेन्शियलच. ते वर उचललं जातं फक्त टायरच्या मापानं. 245/70 आर 16 काढून 265/75 आर 16 घातले तर व्यास साधारण 54 मिलिमीटरनं वाढतो आणि डिफरेन्शियल त्याच्या निम्मं, 27 मिलिमीटर, वर जातं. म्हणजे ज्या अडचणीसाठी लिफ्टवर 1,15,000 खर्च करताय, त्या अडचणीला लिफ्टचा हात पोचत नाही. लिफ्टचा फायदा दगडधोंड्यांच्या चढउतारावर आहे, नाल्याच्या काठावर पुढचा बंपर टेकू नये म्हणून आहे. आपल्या काळ्या मातीत गाडी अडते ती माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत झाल्यावर. तिथं हवा कमी करून सावकाश, न थांबता काढलेली गाडी निघते. रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, एवढं लक्षात ठेवायचं.

लिफ्टनं पुढे वाढणारा खर्चही कोटेशनमध्ये नाही. पुढचे बॉल जॉइंट आणि चाकांकडे जाणारे एक्सल जास्त कोनात चालू लागतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, अलाइनमेंट वारंवार करावी लागते. त्यात स्टील बंपर आणि विंचचं वजन नाकावर बसलं की नव्या कॉइलनं मिळालेली उंची थोडी परत जाते. मोठ्या टायरमुळे काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 च्या वर असते. ॲव्हरेज 12 वरून साडेदहावर आलं, तर वर्षाला 12,000 किलोमीटरला साधारण 143 लिटर डिझेल जादा. 92 च्या भावानं ते झाले 13,000 रुपये, दरवर्षी.

बंपरबद्दल मात्र घरचीच गोष्ट सांगते. माझ्या दिरानं त्याच्या जीपला पुढे जाड पाइपचा गार्ड लावला होता. पांढरकवड्याच्या अलीकडे, दिवेलागणीला, तुरीतून रोही (नीलगाय) उडी मारून समोर आला. गार्डला पोचासुद्धा आला नाही. गार्ड जिथं चेसिसला जोडला होता ती दोन्ही टोकं मात्र आत दबली आणि रेडिएटर फुटला. विम्याचा सर्व्हेअर आला, खाली वाकला, वेल्डिंगच्या सांध्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे आरसीत कुठं आहे?" दावा मंजूर झाला नाही. 74,000 चं बिल घरातून भरलं, आणि त्या वर्षी माझ्या जावेच्या पाटल्या मोडल्या. तो दिवस मी विसरलेली नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

कायदाही सर्व्हेअरच्याच बाजूनं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. क्रॅश गार्डवर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीत मालकाला दर बदलामागे 5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. तुमच्या गाडीला एअरबॅग आहेत. पुढचा धक्का गाडीनं ठरल्याप्रमाणे झेलला तरच त्या वेळेवर उघडतात. मध्ये लोखंड आलं की तो हिशेब बिघडू शकतो. त्या गाडीत तुमची मुलं बसतात. बंपरच्या 55,000 च्या त्या ओळीवर काट मारा, त्याच बंपरवर बसणाऱ्या विंचवर आपोआप पडेल.

हौशीनं पाहुणे जंगलाकडे फिरवून पैसे सुटतील, असंही लिहिलंत. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्यानं माणसं नेणं परमिटमध्ये बसत नाही, विम्यातही नाही. ते उत्पन्न हिशेबात धरू नका. विकताना किंमत वाढेल हेही नाही. पुढचा गिऱ्हाईक बनवलेल्या गाडीला घासाघीस जास्तच करतो.

तरी तुमची आवड मी बाजूला सारत नाही. दहा-बारा वर्षं वावरात राबलेल्या माणसाला वर्षातून चार दिवस मित्रांसोबत नाल्या-टेकड्यांवर गाडी घालावीशी वाटते, त्यासाठी पैसा बाजूला काढणं मला योग्यच वाटतं. पीककर्ज फेडल्यावर 82,000 उरतात. घरखर्च सोयाबीन आणि वहिनींच्या शिलाईवर भागतो असं तुम्ही म्हणता, तेव्हा ही रक्कम मोकळी आहे. त्यातले 38,000 गाडीची मूळ सस्पेन्शन नवी करण्यात घाला: चारही शॉकअप, बुश, बॉल जॉइंट, मागचे पाटे आणि त्यांचे बुश, शेवटी अलाइनमेंट. जुन्या गाडीचे पाटे दबलेले असतात आणि शॉकअप मेलेले असतात. ते कंपनीच्या मापाचे नवे पडले की गाडी तिच्या मूळ उंचीवर येते आणि बरीचशी "लिफ्ट" तिथंच मिळते. आरसी आणि विमा दोन्ही जसेच्या तसे. आणखी 9,000 मध्ये चांगला ओढण्याचा पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. विंचचं बरंचसं काम सोबतच्या दुसऱ्या गाडीला बांधलेला पट्टा करतो, आणि एकट्यानं ऑफरोडिंगला जायचंच नसतं. उरलेले 35,000 वहिनींच्या खात्यात ठेवा आणि पहिल्या वेच्यापर्यंत हात लावू नका.

पांदणीसाठी ग्रामसभेत ठराव मांडा. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये आली. दीड किलोमीटरचा तो तुकडा पक्का झाला तर तुमच्यासकट धुऱ्यावरच्या सगळ्यांच्या बंड्या निघतील.

टायरचं मी मुद्दाम राखून ठेवलं. कंपनीच्याच मापाचे ऑल टेरेन चार टायर 60,000 च्या आसपास पडतील, आणि ते आता घ्यायचे की दिवाळीनंतरच्या चुकाऱ्यातून, हे सध्याच्या टायरवर ठरेल. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरचे ते आकडे आणि खाचांची खोली मला कळवा, स्टेपनीचेसुद्धा.