ओहोटी बघून वर्ग खाडीवर न्या

प्रश्न: आमची झेडपीची शाळा गुहागर तालुक्यात, खाडी अगदी जवळ. पाचवी ते सातवीच्या मुलांना जंगल, वन्यजीव बाहेर नेऊन शिकवायचेत, पण अभयारण्याच्या ट्रिपला बजेट नाही आणि पालक सापाच्या भीतीने नको म्हणतात. काय करू? – एक शिक्षिका

उत्तर: ताई, ट्रिपचं सोडून द्या. एका दिवसाच्या ट्रिपमधली बसमधली गाणीच मुलांच्या जास्त लक्षात राहतात. तुमच्या खाडीकाठी तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं असतीलच, आणि त्यांचं कांदळवन हे पण जंगलच आहे, तेव्हा तिकडेच न्या, दर महिन्याला आणि एकाच जागी.

वेळ मात्र ओहोटीची हवी. गावातली जुनी माणसं सांगतील, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी, हे गणित मुलांनाच करू द्या आणि मग मोबाइलवर टाइड टेबल काढून ताडून बघा, थोडं मागेपुढे होतं, ते का होतं हेही विचारतील बघा. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे पाणी फार आत ओसरत नाही, पण आपल्याला काठावरूनच बघायचंय.

तिवराभोवती चिखलातून काड्यांसारखी मुळं वर आलेली दिसतील. चिखलात हवा जवळजवळ नसते म्हणून झाड त्यांच्यातून श्वास घेतं, पण हे आधी सांगू नका हं, मुलांना विचारा आणि काय काय उत्तरं देतात ती शांतपणे ऐका. खाडीत गटार येत नसेल तर पानाला जीभ लावू द्या, खारट लागेल, कारण झाड जादाचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. निवट्या तर मुलांनी पाहिलेल्याच असतील, पण मासा असून चिखलावर उड्या कसा मारतो, पाण्याबाहेर जगतो कसा, हे कुणी विचारलेलं नसतं (अंग ओलं असेपर्यंत तो कातडीतूनही श्वास घेतो). कोळंबी आणि माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात, त्यामुळे तिवरं तोडून भराव टाकला की घरातलं कालवण कमी होणार, हे मुलांना भाषणाशिवाय कळतं. २००५ साली मुंबई हायकोर्टाने कांदळवन तोडायला बंदी घातली आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष झाली, एवढं वर्गात सांगितलं तरी पुरे.

मुळे-तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढणाऱ्या गावातल्या बायकांना जरूर सोबत न्या, खाडी पूर्वी कशी होती आणि काय काय मिळायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि मुलांची आजी-मावशीच शिकवते म्हटल्यावर पालकांचा विरोधही मावळतो.

सापाचं म्हणाल तर नियम साधे: बिळात हात घालायचा नाही, जिथलं दिसत नाही तिथे पाय टाकायचा नाही, पायात बूट हवेत. चुकून दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखान्यात, हे घरी पण सांगा. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी अजिबात नेऊ नका. जवळ देवराई असेल तर तिकडे दिवाळीनंतर जा, आधी गुरव-मानकऱ्यांना विचारून.