व्यावसायिक पदार्पण कोणत्या वजनात करावे?

आपला प्रश्न असा आहे : १९ वर्षांच्या पुतण्याचे रोजचे वजन ५५ किलो आहे, राज्य स्पर्धेत त्याला पदक मिळाले आहे आणि आता त्याला व्यावसायिक मुष्टियोद्धा व्हायचे आहे, त्याचे प्रशिक्षक मात्र त्याला वजन उतरवून ४९ किलोच्या लाइट फ्लायवेट गटात पदार्पण करायला सांगत आहेत, तर ते ऐकावे का. मी नव्वदच्या दशकात ४८ किलो गटात खेळलो आणि गेली अनेक वर्षे पुण्यात खडकी भागात मुलांना शिकवतो आहे. व्यावसायिक होण्याचा विचार अवश्य करावा, परंतु ४९ किलोत पदार्पण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हलक्या वजनाचे व्यावसायिक गट एकमेकांना फार जवळ आहेत. मिनिममवेट ४७.६ किलो, लाइट फ्लायवेट ४९, फ्लायवेट ५०.८, सुपर फ्लायवेट ५२.२, बँटमवेट ५३.५ आणि सुपर बँटमवेट ५५.३. गटांत अंतर दीड-दोन किलोंचेच असल्यामुळे ‘आणखी एक गट खाली उतरू, तिथे प्रतिस्पर्धी लहान मिळेल’ हा मोह प्रत्येकाला होतो. पण ५५ किलोंच्या मुलाने ४९ वर येणे म्हणजे शरीराचा जवळजवळ ११ टक्के भाग कमी करणे. या वयात अंगावर चरबी नसते, त्यामुळे शेवटचे तीन-चार किलो पाण्याचेच जातात. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होते, व्यावसायिक लढतीत ते बहुधा आदल्या दिवशी होते. मधल्या २४ ते ३० तासांत सगळे भरून निघेल, या भरवशावर मुले स्वतःला वाळवतात. प्रत्यक्षात शरीर इतक्या लवकर पूर्ण सावरत नाही आणि तशा अवस्थेत डोक्यावर बसणारा ठोसा अधिक धोक्याचा असतो.

हे मी अनुभवाने सांगतो. एका निमंत्रित स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दोन किलो उतरवण्यासाठी मी अंगात प्लॅस्टिकचा सूट घालून पर्वतीच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढलो आणि रात्री पाण्याचा घोटही घेतला नाही. सकाळी वजनात बसलो. दुसऱ्या फेरीत मात्र हात हनुवटीपर्यंतही राहत नव्हते, समोरच्याचा ठोसा दिसत असूनही मान हलत नव्हती आणि जिंकण्याजोगी लढत मी हरलो. ती केवळ तीन फेऱ्यांची हौशी लढत होती. व्यावसायिक मुष्टियुद्धात चार फेऱ्यांपासून सुरुवात होते, पुढे सहा, आठ, दहा आणि विजेतेपदासाठी बारा फेऱ्या असतात. या वजनांत ग्लोव्हजही आठ औंसांचेच, म्हणजे हलके असतात.

फिलिपिन्सच्या मॅनी पॅक्विआओची कारकीर्द या दृष्टीने पुतण्याला नीट पाहायला सांगा. डिसेंबर १९९८ मध्ये त्याने डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेचे फ्लायवेट विजेतेपद मिळवले. सप्टेंबर १९९९ मध्ये तो थायलंडमध्ये वजनात बसू शकला नाही, विजेतेपद काट्यावरच गेले आणि लढतही तो तिसऱ्या फेरीत हरला. तेव्हा तो २० वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ आपल्या पुतण्याच्याच वयाचा. त्यानंतर तो मधले गट ओलांडून सुपर बँटमवेटमध्ये गेला, २००१ मध्ये तिथे विश्वविजेता झाला आणि पुढे आठ वजनगटांत विजेतेपदे मिळवली. जपानच्या नाओया इनोउएने एप्रिल २०१४ मध्ये, सहाव्याच व्यावसायिक लढतीत, लाइट फ्लायवेटचे विजेतेपद घेतले. पण केवळ एकदा ते राखून त्याच डिसेंबरमध्ये तो फ्लायवेट वगळून थेट सुपर फ्लायवेटचा विजेता झाला. पुढे बँटमवेट आणि सुपर बँटमवेट या दोन्ही गटांत चारही प्रमुख जागतिक संघटनांची विजेतेपदे त्याच्याकडे आली. आपल्याकडचा अमित पंघाल पाहा : २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ४९ किलोत सुवर्ण मिळवल्यावर ऑलिंपिकमधून तो गटच निघाला, म्हणून तो ५२ किलोत गेला आणि २०१९ मध्ये जागतिक रौप्यपदक घेऊन आला. वर जाण्यालाही मर्यादा असते, हे खरे. निकाराग्वाचा रोमान गोन्सालेस चौथ्या वजनगटात विजेता झाल्यावर २०१७ मध्ये अंगाने थोराड असलेल्या थायलंडच्या श्रीसाकेतकडून दोनदा हरला. पण ती मर्यादा त्याला चार गटांत विश्वविजेता झाल्यानंतर भेटली.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. हलक्या वजनांना खरी बाजारपेठ जपान, थायलंड, फिलिपिन्स, मेक्सिको अशा मोजक्या देशांत आहे. भारतात व्यावसायिक लढती कमी होतात आणि सुरुवातीच्या मानधनात खुराकही निघत नाही. परदेशातून दहा दिवस आधी बोलावणे आले, तर बहुतेक वेळा तिथल्या मुलाला विजय मिळवून देण्यासाठीच ते असते. म्हणून आधी पदकाच्या प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी, रेल्वेसाठी, सेनादलासाठी प्रयत्न करावा. घोरपडीची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आपल्या शहरातच आहे, तिथले सेनादलाचे मुष्टियोद्धे कसे सराव करतात हे त्याने जमल्यास पाहावे. नोकरी लागल्यावर व्यावसायिक लढतींसाठी लेखी परवानगी घ्यावी लागेल, हे मात्र ध्यानात असू द्या.

२ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच कार्यक्रमात लढलेले दोन मुष्टियोद्धे पुढच्या काही दिवसांत मेंदूच्या दुखापतीने दगावले. त्यामुळे पदार्पणापूर्वी मेंदूचा एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी केल्याशिवाय त्याला रिंगमध्ये पाठवू नका.

डब्ल्यूबीसीच्या नियमानुसार विजेतेपदाच्या लढतीआधी ३० दिवसांवर वजन मर्यादेच्या १० टक्क्यांहून आणि ७ दिवसांवर ५ टक्क्यांहून अधिक नसावे. हाच हिशेब घरी करा. ४९ किलोसाठी आठवडाभर आधी तो साधारण ५१.५ किलोंवर हवा. सुपर फ्लायवेटसाठी ५४.८ किलोही चालतात, आणि तेवढे त्याला पोटभर जेवूनही जमेल. पुढचे तीन महिने रोज सकाळी उठल्यावरचे वजन एका वहीत लिहायला लावा, ती वही घेऊन प्रशिक्षकांसमोर बसा आणि सुपर फ्लायवेट किंवा बँटमवेटमध्ये पदार्पणाची मागणी करा. ते ४९ किलोवरच अडून राहिले, तर करारावर सही करू नका.