ऑटोमन काळात जेरुसलेमच्या अन्नछत्राचा खर्च कुठून भागायचा?

मुख्यतः खेड्यांतल्या साऱ्यातून. सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिने 1552 मध्ये या अन्नछत्रासाठी वक्फ, म्हणजे धर्मादाय कामासाठीचं कायमचं दान, केला. त्यातली बरीच गावं रामला शहराच्या आसपासची: याझूर, बैत दजन, शिवाय लुद्द. जमीन मुळात सरकारी. सुलेमानने आधी ती हुर्रेमच्या नावे करून दिली, मग तिने ती वक्फला लावली. थोडक्यात, तिच्या दानधर्माचे पैसे सरकारी महसुलातलेच!

आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखंच समजा. रयत तीच, पिकातला हिस्साही द्यायचाच, फक्त वसुली वक्फच्या मुतवल्लीकडे, म्हणजे कारभाऱ्याकडे. बराचसा सारा धान्यातच यायचा, गहू आणि जव. त्यामुळे पाऊस दगा देऊन गेला की मुदपाकखान्याला लगेच चटका बसायचा. हुर्रेम 1558 मध्ये वारली, त्यानंतर सुलेमानने सिडोनकडची (आजच्या लेबनॉनमधली) आणखी काही गावं जोडली.

रोज सुमारे 400 गरिबांना दोन वेळा जेवण मिळे: सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी गव्हाची, सोबत रोटी. शुक्रवारी मात्र मटण घातलेला भात आणि वर केशरी गोडभात. नोकरचाकर आणि पाहुणे यांची पंगत वेगळी, आणि त्यांच्या वाट्याला जास्त यायचं.