टोकाच्या दोन मतांमध्ये समतोल साधणं इतकं अवघड का असतं?

तुम्ही विचारलंय की दोन्ही बाजूंचं थोडं थोडं घेतलं की झालं, मग लोक वर्षानुवर्षं भांडत का बसतात? मी सिंधुदुर्गातला. त्यामुळे पश्चिम घाट, म्हणजे आपला सह्याद्री, कसा आणि किती जपायचा या वादावरूनच उत्तर देतो, कारण तो मी जवळून पाहिलाय.

केंद्र सरकारने २०१० साली पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली घाटाच्या रक्षणासाठी समिती नेमली. २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल तयार झाला, पण सरकारने तो बाहेर येऊ दिला नाही. माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, तेव्हा कुठे २०१२ च्या मे महिन्यात तो लोकांना वाचायला मिळाला. सगळा घाटच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील माना, म्हणजे खाणींसारख्या कामांवर तिथे कमीजास्त बंधनं घाला, असं त्यात म्हटलं होतं. लगेच ओरड सुरू झाली की ही टोकाची भूमिका आहे, विकास ठप्प होणार, लोकांना घरंदारं सोडावी लागणार. मग अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती आली. तिने २०१३ साली सांगितलं की अख्खा घाट नको, साधारण ३७ टक्के पुरे, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर.

लांबून बघणाऱ्याला हा तुम्ही म्हणता तसलाच समतोल वाटेल. प्रत्यक्षात मात्र दोन्ही बाजू नाराज झाल्या. २०१४ मध्ये हे क्षेत्र जाहीर करण्याची मसुदा अधिसूचना, म्हणजे सरकारी आदेशाचा कच्चा खर्डा, निघाली, ती पक्की न होताच तिची मुदत संपली, पुन्हा निघाली. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळून दोनशेहून जास्त माणसं गेली आणि दुसऱ्याच दिवशी सहावा मसुदा निघाला. सहावा, आणि तोही मसुदाच!

माझ्या मते घोळ सुरुवातीलाच झाला होता. मध्य शोधण्याआधी टोकं कुठे आहेत हेच चुकीचं धरलं गेलं. गाडगीळ अहवाल मुळात टोकाचा नव्हता. त्यात घाटाचे तीन स्तर केले होते. सर्वांत नाजूक भागात नव्या खाणींना बंदी, तर तिसऱ्या स्तरात बरंच काही अटींसह चालू. रासायनिक कीटकनाशकं बंद करायलासुद्धा स्तराप्रमाणे पाच ते दहा वर्षांची मुदत होती. सीमा तात्पुरत्या होत्या आणि त्या ग्रामसभांशी बोलून पक्क्या करा, असं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे देवाणघेवाण आधीच करून झाली होती. पण ज्यांना ती नको होती त्यांनी तिला टोक म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. मग तिच्यात आणि पलीकडच्या टोकात मधली वाट काढणारा माणूस कितीही सरळ असला, तरी एका बाजूला सरकणारच.

आणि मध्य काढताना गळलं काय? गावाला विचारणं. दुसऱ्या समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल वेगळं काढलं आणि शेती, बागा, वस्त्या असलेला भाग बहुतेक सोडून दिला. नकाशावर हे सोपं असतं. आमच्याकडे देवराई, काजूची बाग, वाडी आणि वाडीला पाणी देणारा झरा एकाच डोंगरउतारावर असतात. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ गावांनी ठराव करून ‘आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या’ असं स्वतःहून मागितलं होतं. दुसऱ्या अहवालात अख्खा दोडामार्ग तालुकाच वगळला गेला! लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. ज्यांनी मागितलं त्यांना मिळालं नाही आणि ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं अशा कित्येक गावांची नावं यादीत आली. याला समतोल कसं म्हणायचं?

विरोध करणारे सगळे खाणवाले होते, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. ज्याची दोन-तीन एकर काजू आहे आणि मुलाच्या लग्नाआधी ज्याला घराला एक खोली वाढवायची आहे, त्याची भीती खरी होती. अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. गावात पोचली ती अफवा. ‘झाड तोडलंत तर तुरुंग’ असं कुणी पारावर सांगितलं तर त्याने काय समजायचं? त्याला जे गमवावं लागेल असं वाटतं ते या वर्षीचं असतं. झरा आटणं, दरड येणं हे दहा-वीस वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच वाडीत. या दोन नुकसानांचं माप एक नाही, म्हणून ३७ टक्के काय किंवा ५० टक्के काय, कुठलाच आकडा दोघांचं समाधान करत नाही. अमुक उतारावर रबराची लागवड नको, पण तमुक ठिकाणी घर बांधायला हरकत नाही, हे त्या गावात बसूनच ठरवावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि असं काम करणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात.

२०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होतं, दोन हजारांच्या वर गावं. एवढ्या गावांत जाऊन मराठीत अहवाल वाचून दाखवणं, शंका ऐकणं, हद्द मागेपुढे करणं हे दिल्लीतल्या समितीच्या एका बैठकीत होणारं काम नाही. पण होण्यासारखं आहे. २५ गावांनी ग्रामसभा घेऊन ते करून दाखवलं होतं.