पूर नसतानाची नोकरी

(शिरोळ तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. 2019 च्या महापुरात हे कुटुंब शाळेतल्या छावणीत होतं. दहावीतल्या त्या मुलीने तिथल्या सिस्टरांचं काम जवळून पाहिलं आणि आता तिला आपत्तीतल्या आरोग्यसेवेतच काम करायचं आहे. वडील विचारतात: पूर काही रोज येत नाही, मग उरलेलं वर्ष ती काय करणार? आणि स्टाफ नर्सची पक्की नोकरी सोडून हे कशाला?)

सप्रेम नमस्कार,

तुमचा पहिला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण या कामाचं मर्मच त्यात आहे. छावणीत सिस्टर काय करत होत्या ते तुमच्या मुलीने पाहिलं. पण ते त्यांना करता आलं, ते आधीच्या कोरड्या महिन्यांतल्या कामामुळे, आणि ते काम तिथे कोणालाच दिसत नव्हतं.

एक उदाहरण घेऊ. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. अशा पाण्यातून चालत गेलेल्यांना डॉक्सिसायक्लिन वेळेत दिलं तर आजार टाळता येतो. पण वेळेत द्यायचं तर गोळ्या रस्ता बुडायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलेल्या हव्यात. त्यांची मागणी कुणीतरी उन्हाळ्यातच नोंदवावी लागते.

गरोदर बायांचंही तसंच. जुलै-ऑगस्टमध्ये कोणाचे दिवस भरतात, गावात डायलिसिसवर कोण आहे, इन्सुलिन कोणाला लागतं, टीबीचं औषध कोणाचं चालू आहे, ही यादी नावानिशी तयार हवी. नदी वाढायला लागली की या माणसांना सगळ्यांत आधी हलवायचं. पाणी गावाला वेढल्यावर यादी करायला घेतली तर बोटीशिवाय मार्ग उरत नाही, आणि 2019 च्या पुरात लोकांना बाहेर काढताना उलटलेली ब्रह्मनाळची बोट तुमच्या भागात कोणी विसरलेलं नाही.

मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोतं उघडं पडून राहिलं की तो उडून जातो. पावडर टाकली, वहीत नोंद झाली, आणि पाणी मात्र तसंच दूषित, असं घडू शकतं. गावच्या पाण्यात ती पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाबरोबर उभं राहून ओ.टी. टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी करणं, पाण्याला पिवळी छटा आली नाही तर पुन्हा करायला लावणं, याला कोणी शौर्य म्हणणार नाही. माझ्या मते मात्र पुरानंतरच्या गॅस्ट्रोपासून गावाला वाचवणारं याहून मोठं काम नाही.

आणि आकडे. उपकेंद्रातून ताप-जुलाबाच्या रुग्णांची माहिती नियमित वर जाते. साथरोग सर्वेक्षणाची ही देशव्यापी व्यवस्था 2004 पासून आहे. एखाद्या गावात आठवड्यात जुलाबाचे नऊ रुग्ण दिसले, तर ते जास्त की नेहमीचेच? एरवीचा आकडा ज्याला पाठ आहे त्यालाच हे कळेल. तेव्हा उरलेलं वर्ष तुमची मुलगी हे सगळं करत असेल.

आता वाटेबद्दल. पदवी हातात पडताच आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दोन वर्षं गावपातळीवर काढू द्या. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. तुमच्यासारख्या नदीकाठच्या भागात ते मिळालं तर त्याहून चांगली शाळा नाही. त्यानंतर सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच. ती मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत करता येते. प्रवेशाच्या अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आहेत, त्या त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही टाटा संस्थेत आहे. पुढे जिल्ह्याच्या साथरोग कक्षात, युनिसेफसारख्या संस्थांत किंवा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सबरोबर देशाबाहेरही काम असतं.

पैशांचं खरं सांगते. यातली बरीच सरकारी पदं राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, म्हणजे कंत्राटी आहेत. कायम करण्यासाठी तिथल्या लोकांना संप करावे लागले आहेत. ज्यांच्या भरवशावर आपण पुरात जगतो त्यांना दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहावी लागावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तुमची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. सरकारी स्टाफ नर्सच्या भरतीची परीक्षा तिने जरूर द्यावी. ती नोकरी लागली तर घ्यावी आणि जमेल तेव्हा एमपीएच करावं. वॉर्डात काढलेली वर्षं या कामात कधीच वाया जात नाहीत.

तिच्या धाडसाबद्दल तुम्ही लिहिलं आहे, तिला आकडेमोड कितपत आवडते ते मात्र लिहिलं नाही. ते तिला विचारा. एमपीएचमध्ये संख्याशास्त्र बरंच असतं आणि पुढे रोजचं काम त्यावरच चालतं.

आणि एक करा. परीक्षा आटोपली की मे महिन्यात तिला तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे घेऊन जा. पावसाळ्याची तयारी तेव्हाच चालू असते. आशाताईंबरोबर गरोदर मातांची यादी करायला आठ दिवस बसू देता का, एवढंच विचारा. ती यादी पुरी झाल्यावर तिला काय वाटतं ते मला तिनेच लिहावं.