जुने कामगार नवी पद्धत स्वीकारत नाहीत, त्यांचा विरोध कसा मोडून काढावा?

आपण लिहिले आहे की आपल्या कारखान्यात उत्पादनाच्या आणि रिजेक्शनच्या (सदोष म्हणून बाद झालेल्या मालाच्या) नोंदी संगणकावर आणायच्या आहेत, त्यासाठी सल्लागारही नेमला आहे, पण जुने कामगार नोंदी भरत नाहीत किंवा खोट्या भरतात. त्यांचा विरोध मोडून काढण्याचा मार्ग आपल्याला हवा आहे. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, बरीच वर्षे गुणवत्ता विभाग सांभाळला. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: खरी नोंद आपल्याच विरुद्ध वापरली जाणार, हे ज्याला ठाऊक असते, तोच खोटी नोंद करतो. हे भय कारखान्यात कामगार आणत नाही, व्यवस्थापन आणते.

आमच्याकडे बाहेरून एक नवे जनरल मॅनेजर आले. हुशार होते आणि मेहनतीही होते. त्यांनी मोल्डिंग विभागात, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या विभागात, मोठा फलक लावला आणि प्रत्येक पाळीतील वाया गेलेली कास्टिंग्ज (ओतलेले भाग) मोल्डरच्या, म्हणजे साचा बनवणाऱ्याच्या, नावापुढे लिहायला सुरुवात केली. महिनाअखेरीस त्या आकड्यावरून बक्षिसाची रक्कम कापली जाऊ लागली. थोड्याच काळात फलकावरचे रिजेक्शन निम्म्यावर आले आणि मालकांसमोर त्याचे आलेख दाखवले गेले. प्रत्यक्षात, फेटलिंगला (घासून साफ करायला) जाण्यापूर्वीच सदोष दिसणारे कास्टिंग उचलून भट्टीच्या भंगारात टाकले जात होते, आणि वरून चांगले दिसणारे पण आत पोकळी असलेले तसेच पुढे पाठवले जात होते. ते ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये उघडे पडू लागले. ग्राहकाच्या तक्रारींचा ढीग माझ्या टेबलावर आणि सुधारणेचा आलेख त्यांच्या टेबलावर, अशी स्थिती होती.

आमच्या मोल्डिंगच्या मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात बैठकीत सांगितले होते, "साहेब, नावाचा रकाना काढा आणि वाळूचा रकाना घाला." ब्लो होल, म्हणजे वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्या, दुसऱ्या पाळीतच जास्त का येतात, याचा अंदाज त्यांना होता. दिवसपाळीत ओतलेले साचे फोडले की तीच वाळू थंड होण्याआधी मिक्सरमध्ये परत जात होती. गरम वाळूतले पाणी वाफ होऊन निघून जाते, म्हणून मिक्सरवरचा माणूस आणखी पाणी घालतो. साचा बंद झाल्यावर ती वाफ थंड कोअरवर (पोकळ भागासाठी साच्यात बसवलेल्या वाळूच्या ठोकळ्यावर) दव धरून बसते, आणि वितळलेले लोखंड तिथे पोहोचले की त्याचा वायू होऊन कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. यात मोल्डरने काय करावे? त्याच्या हातात येणारी वाळूच बिघडलेली होती. या सूचनेवर साहेबांनी जे उत्तर दिले ते मी विसरलेलो नाही: "कोल्हापूरच्या माणसाला बदलच नको असतो."

मी त्याच बैठकीत हरकत घेतली आणि आजही घेतो. ज्या गावातील कारागिरांनी उद्यमनगरात ऑइल इंजिने घडवली, ज्या फौंड्र्यांतील माणसे कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीवरून विजेवरच्या इंडक्शन फर्नेसवर गेली, त्यांना बदल नको असतो असे म्हणणे अज्ञानाचे आहे. आमच्याकडे इंडक्शन फर्नेस आली तेव्हा भट्टीवरच्या माणसांनी ती आपणहून शिकून घेतली, कारण धुराचा त्रास कमी होणार होता आणि धातूचे तापमान हातात राहणार होते. त्यांना त्यात आपले हित दिसत होते. फलकात त्यांना केवळ शिक्षा दिसत होती.

पुढे मालकांनी माझे आणि मिस्त्रींचे ऐकले. नावे काढली आणि त्या जागी वाळूचे तापमान, ओलावा, ओतण्याची वेळ व पॅटर्नचा (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याचा) क्रमांक हे रकाने आले. हे रकाने मोल्डरांनीच ठरवले होते, म्हणून ते भरलेही गेले. रिजेक्शनचा आकडा प्रथम वाढला, कारण लपलेले बाहेर आले. त्यानंतर वाळूचा साठा वाढवला, परतीच्या वाळूसाठी थंड करण्याची सोय झाली आणि दुसऱ्या पाळीतील ब्लो होल खरोखर घटले. आकडा आधी वाढेल, हे मालकांना आधीच सांगून ठेवावे लागते. नाहीतर त्याच वेळी ते घाबरून सगळे बंद करतात.

हा केवळ माझ्या फौंड्रीचा अनुभव नाही. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात केलेला अभ्यास 1948 साली प्रसिद्ध झाला. कामाच्या पद्धतीतील बदल ज्या गटाला नुसता सांगण्यात आला, त्यातील 17 टक्के कामगार पहिल्या 40 दिवसांत नोकरी सोडून गेले. ज्या गटांतील प्रत्येकाला तो बदल ठरवण्यात सामील करून घेतले, त्यांतून कोणीही गेले नाही, आणि त्यांचे उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी वाढले. कारखाना तोच होता.

नेतृत्वाबद्दल आपण वेगळे विचारलेले नाही, तरी सांगतो. शाहू महाराजांनी 1902 साली संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम काढला, पण ते हुकमावर थांबले नाहीत. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. त्या कार्याची बरोबरी कारखान्यातील फलकाशी होऊ शकत नाही, हे मी जाणतो. तरी बदलाची झळ वरच्याने आधी सोसायची, ही रीत या गावाने पाहिलेली आहे, आणि ती सोडून केलेले नेतृत्व येथे मानले जात नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. सुरक्षेच्या बाबतीत चर्चा नको. ओतकामावर बूट आणि चष्मा न घालणाऱ्याला त्याच क्षणी बाजूला करावे आणि त्यामागचे कारण नंतर समजावून सांगावे. आणि जुन्या पद्धतीत कोणाचा आर्थिक हितसंबंध गुंतलेला असेल, उदाहरणार्थ वजनात फेरफार करणारा ठेकेदार, तर तो सहभागाने बदलत नाही. तिथे कठोर व्हावे लागते. पण असे लोक मोजके असतात, त्यांच्यावरून सगळ्या कामगारांचे माप काढू नये.

आपल्या संगणकातील प्रणाली कोणती घ्यावी, हे सांगण्याइतकी माहिती आपल्या प्रश्नात नाही. परंतु ती घेतल्यावर कामगाराच्या नोंदीशेजारी आणखी एक रकाना ठेवा: ही अडचण व्यवस्थापनाला कधी कळवली आणि ती दूर कधी झाली. तो रकाना सर्वांना दिसेल असा ठेवा आणि सल्लागाराला पहिला प्रश्न त्याबद्दल विचारा. त्याला तो रकाना अनावश्यक वाटला, तर सल्लागार बदला.